वाळवीत इतके प्रकार आले कधी आणि कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वाळवी म्हणजे मुंगी नव्हे, ती झुरळांच्या घराण्यातली, असं वाचनात आलं. ती डायनासोरांच्या काळापासून आहे असंही म्हणतात. मग लाकूड खाणारी, माती खाणारी, बुरशी पिकवणारी, वारूळ बांधणारी असे इतके प्रकार तिच्यात कधी आणि कसे झाले? आणि ऑस्ट्रेलियातल्या ज्या एका वाळवीला 'आदिम' म्हणतात, तिला बाकीच्यांची जिवंत पूर्वज मानायचं का?

मी अनेक वर्षं वाळवीच्या आतड्यांवर आणि वर्गीकरणावर काम करतो आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. मुख्य म्हणणं आधीच सांगतो. वाळवी जुनी आहे, पण आज दिसणारी तिची बहुतेक विविधता त्या मानाने तरुण आहे. आणि दोन्हींचा उलगडा एकाच ठिकाणी होतो, तो म्हणजे तिच्या आतड्यात. अन्न पचवायला सोबतीला कोण आहे आणि ते पचन नेमकं कुठे होतं, हे कळलं की बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

आधी झुरळाचं पाहू. पाठ्यपुस्तकांत वाळवीचा स्वतंत्र गण असे, आयसोप्टेरा. चारही पंख जवळपास सारखे म्हणून 'समपंखी'. १९३४ साली अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ क्लीव्हलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रिप्टोसर्कस नावाच्या एका लाकूडखाऊ झुरळावर मोठा प्रबंध लिहिला. या झुरळाच्या आतड्यातले आदिजीव वाळवीच्या आतड्यातल्या आदिजीवांचे इतके जवळचे निघाले की तो निव्वळ योगायोग मानणं अवघड होतं. तरी वाद चालू राहिला. २००७ मध्ये इनवर्ड, बेकालोनी आणि एगल्टन यांनी झुरळं, वाळव्या आणि प्रार्थनाकीटक यांच्या जनुकांवरून वंशवृक्ष मांडला, तेव्हा वाळवी झुरळांच्या झाडाच्या आतल्या फांदीवर बसलेली स्पष्ट दिसली. तिची सर्वांत जवळची बहीण हेच क्रिप्टोसर्कस. तेव्हापासून वाळवी झुरळांच्या गणातच, ब्लाटोडियात, मोजली जाते.

इथे एक खुलासा करायला हवा. स्वयंपाकघरात दिसणाऱ्या झुरळापासून वाळवी झाली, असा याचा अर्थ नाही. ते झुरळ वाळवीचं लांबचं नातलग. क्रिप्टोसर्कस मात्र पाहण्यासारखा प्राणी आहे. त्याला पंख नसतात. उत्तर अमेरिकेतल्या आणि पूर्व आशियातल्या डोंगराळ जंगलांत तो कुजक्या ओंडक्यांत राहतो. नर-मादीची जोडी एका ओंडक्यात आयुष्य काढते, पिलांची एकच वीण वाढवते, आणि त्या पिलांपाशी तीन-तीन वर्षं थांबते. त्यात ना कामकरी असतात ना सैनिक. पण वाळवीचा समाज ज्यातून उभा राहिला त्या घराचा पाया इथे दिसतो: एकनिष्ठ जोडी, लाकडाचं घर, आणि आईबापांवर दीर्घकाळ अवलंबून असलेली पिलं.

पिलं इतकी अवलंबून का? लाकूड हे अन्न म्हणून फार हलकं. सेल्युलोज भरपूर, पण ते लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनच्या वेढ्यात अडकलेलं, आणि नत्र जवळजवळ नाहीच. पचनाचं मोठं काम मागच्या आतड्यातले फ्लॅजेलेट करतात. फ्लॅजेलेट म्हणजे चाबकासारख्या केसांनी पोहणारे एकपेशीय आदिजीव. विद्यार्थ्याला वाळवी शिकवायची तर मी व्याख्यान देत नाही. एका कामकरी वाळवीचं आतडं मिठाच्या पाण्याच्या थेंबात उघडतो आणि त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवतो. लाकडाचे कण पोटात घेऊन वळवळणाऱ्या नासपतीच्या आकाराच्या ट्रायकोनिम्फांनी सगळं दृश्य भरून जातं. काही मिनिटांतच त्यांची हालचाल मंदावते, कारण हवेतला प्राणवायू त्यांना सोसत नाही. १९२०च्या दशकात क्लीव्हलँड यांनी हेच हत्यार वापरलं. दाबाखाली प्राणवायू देऊन त्यांनी वाळवीतले आदिजीव मारले आणि वाळवी जिवंत ठेवली. ती लाकूड खात राहिली आणि भरल्या पोटी उपाशी मेली.

हे आदिजीव पिलाला जन्मतः मिळत नाहीत. वाळवी कात टाकते तेव्हा मागच्या आतड्याचं अस्तरही गळून पडतं आणि बरोबर हे सोबतीही जातात. म्हणून प्रत्येक कातेनंतर तिला दुसऱ्या कुणाच्या तरी गुदद्वारातून येणारा थेंब प्यावाच लागतो. एकटी वाळवी जगूच शकत नाही. समाज या गरजेतून जन्मला, असं क्लीव्हलँड यांचं म्हणणं होतं. मला ते अर्धंच पटतं. एकमेकांजवळ राहण्याची सक्ती यातून कळते. पण एखाद्या भावंडाने स्वतःची संतती सोडून धाकट्यांना का वाढवावं, ते यातून कळत नाही. तिथे क्रिस्टीन नालेपा यांची मांडणी जास्त उपयोगी वाटते. नत्र कमी असलेल्या अन्नावर पिलं वाढवणं आईबापांना फार महाग पडतं. ते काम मोठ्या भावंडांवर ढकललं गेलं की जोडी पुन्हा अंडी घालायला मोकळी होते. आणि आईबाप आयुष्यभर एकमेकांशीच जोडलेले असले तर धाकटं भावंड हे रक्ताने स्वतःच्या पिलाइतकंच जवळचं असतं.

मुंगीशी तुलना करणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. मुंगीच्या अळ्या असहाय असतात. वाळवीची पिलं अंड्यातून बाहेर आल्यावर लवकरच चालती-फिरती होतात आणि वाढत्या वयात कामालाही लागतात. मुंग्यांच्या वारुळात सगळ्या कामकरी माद्या. वाळवीत कामकरी आणि सैनिक नरही असतात आणि माद्याही, आणि राजा मिलनानंतर मरत नाही, राणीशेजारी वर्षानुवर्षं जगतो. शिवाय क्रम उलटा आहे. मुंग्यांत आधी कामकरी आले, मोठ्या जबड्याच्या 'सैनिक' मुंग्या नंतर. वाळवीत सैनिक हा वर्ग घराण्याच्या मुळाशीच, एकदाच निर्माण झाला. काही शाखांनी तो पुढे सोडून दिला, पण नव्याने कुणी शोधला नाही. खरा कामकरी वर्ग, म्हणजे पंख फुटून स्वतः वीण करण्याची वाट लवकर आणि कायमची सोडलेला, याची कथा गुंतागुंतीची आहे. जुन्या कुलांपैकी बऱ्याच ठिकाणी 'कामकरी' म्हणजे अजून पर्याय हातात असलेली मोठी पिलंच असतात.

हे सगळं घडलं कधी? जनुकांच्या घड्याळावरून, म्हणजे बदलांचा वेग जीवाश्मांशी ताडून काढलेल्या अंदाजावरून, वाळवी आणि क्रिप्टोसर्कस यांची फारकत सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वीची दिसते. आजच्या सर्व वाळव्यांचा सामाईक पूर्वज सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, ज्युरासिकच्या अखेरीचा. सर्वांत जुने निर्विवाद जीवाश्म १३ कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत. सैबेरियातल्या बैकलपलीकडच्या बायसा इथली बायसाटर्मिस आणि इंग्लंडच्या वील्ड भागातली वाल्डिटर्मिस, ही त्यांतली दोन नावं. यांत बहुतेकदा हाती लागतात ते पंख. विणीच्या उड्डाणानंतर वाळवी पंख स्वतःच मोडून टाकते, ते पाण्यावर पडतात, गाळात दबतात. कामकरी आणि सैनिक लाकडात नि मातीत असतात, त्यांचा ठसा उमटत नाही. त्यामुळे त्या वाळव्या समाज करून राहत होत्या की नाही, हे पंखावरून सांगता येत नाही.

ट्रायासिक काळातल्या, म्हणजे २० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या खडकांत वाळवीची घरं सापडल्याचे दावे अधूनमधून वाचायला मिळतात. ते मी स्वीकारत नाही, आणि या क्षेत्रातले बहुतेक लोकही स्वीकारत नाहीत. मातीतलं प्रत्येक भोकाभोकांचं कोडं वाळवीनेच घातलेलं नसतं.

समाजाचा पुरावा दिला तो म्यानमारच्या काचिन भागातल्या अंबराने. सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी झाडांच्या राळेत अडकलेले कीटक तिथे जसेच्या तसे मिळतात. २०१६ मध्ये एंगल, बार्डन, रिचिओ आणि ग्रिमाल्डी यांनी त्यातल्या काही वाळव्यांचं वर्णन केलं. एकीचं नाव कृष्णाटर्मिस योद्धा. 'योद्धा' हा आपला संस्कृत शब्द सैनिकांसाठी, आणि 'कृष्णा' कुमार कृष्ण यांच्या सन्मानार्थ. भारतात जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आयुष्य वाळवीला वाहिलेल्या या माणसाने सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये जगातल्या जिवंत आणि जीवाश्म मिळून ३१०६ प्रजातींची सात खंडांची नोंद पूर्ण केली. माझ्या टेबलावर रोज उघडी असते ती हीच. कृष्णाटर्मिसचे पंखवाले, कामकरी आणि सैनिक असे तिन्ही वर्ग सापडले. त्याच अंबरातली जायगँटोटर्मिस रेक्स ही सैनिक तर सुमारे इंचभर लांब, आणि त्यातली निम्मी लांबी जबड्यासकट डोक्याची. याचा अर्थ डायनासोर असतानाच वाळवीचा समाज पुरता वाटून झालेला होता.

अंबरात कधीकधी वागणूकही गोठते. ३ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या बाल्टिक अंबराच्या एका तुकड्यात इलेक्ट्रोटर्मिसची नर-मादी शेजारी-शेजारी आहेत. जिवंत वाळवीची जोडी घर शोधताना एकामागे एक चालते, शेजारी-शेजारी नव्हे. मग हे काय? संशोधकांनी आजच्या जोड्या चिकट पृष्ठभागावर सोडून पाहिल्या. अडकल्यावर धडपडताना त्या नेमक्या अशाच बाजूबाजूला येतात, हे दिसलं. २०२४ सालचं हे काम आहे. इतक्या साध्या प्रयोगाने इतक्या जुन्या क्षणाचा अर्थ लागावा, याचं मला आजही अप्रूप आहे.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. समाज तयार होता, सैनिक होते, पचनाचे सोबती होते. तरीही क्रिटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळखंडातल्या जीवाश्मांत वाळवी दुर्मीळच असते. म्हणजे पहिली कित्येक कोटी वर्षं ती जंगलातला एक साधा, मागे राहणारा प्राणी होती. का, हे समजायला तिचं घर पाहावं लागतं.

जुन्या पद्धतीची वाळवी जे लाकूड खाते त्याच लाकडात राहते. घर हेच ताट. ओंडका संपला की वसाहत संपली. वसाहत लहान, फार तर काही शेकडा किंवा हजार, आणि बरीच पिलं शेवटी पंख फुटून उडून जायची तयारी ठेवणारी. कोरड्या लाकडातली वाळवी, कॅलोटर्मिटिडी कुल, आजही असंच जगते. ती विष्ठेतलं पाणी इतकं पिळून घेते की तिच्या लेंड्या सहा कडांच्या, मोहरीहून लहान, कडक दाण्यांसारख्या पडतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या क्रिटेशियसच्या अखेरच्या अश्मीभूत लाकडात तशाच सहा कडांच्या लेंड्या मिळाल्या आहेत. हा जीवाश्म मला पंखापेक्षा बोलका वाटतो, कारण त्यातून जगण्याची रीत कळते.

या रीतीचा एक अनपेक्षित फायदा झाला. वाहून जाणारा ओंडका म्हणजे आतल्या वसाहतीसाठी घर आणि शिदोरी असलेली होडी. या कुलाने गेल्या ५ कोटी वर्षांत किमान ४० वेळा समुद्र ओलांडले, असा निष्कर्ष २०२२ मध्ये त्यांच्या वंशवृक्षावरून निघाला. वाळवीचा जगभरचा पसारा फक्त खंड फुटल्यामुळे झाला, असं जुन्या पुस्तकांत सूचित केलेलं असतं. सर्वांत जुन्या शाखांपुरतं त्यात काही तथ्य आहे. पण ज्या शाखा खंड वेगळे झाल्यावर जन्मल्या, त्यांना समुद्र पार करावाच लागला किंवा नंतरच्या भूमिसेतूंवरून जावं लागलं.

दुसरी रीत म्हणजे ताट आणि घर वेगळं करणं. घर एका जागी, बहुधा जमिनीत, आणि मातीचे झाकलेले रस्ते काढून अन्न दूरवरून आणायचं. यामुळे वसाहत ओंडक्याच्या आयुष्यातून सुटली. ती वर्षानुवर्षं टिकू लागली, लाखांत वाढू लागली, आणि बाहेर जाऊन राबणारा, परत पंखांच्या वाटेवर न जाणारा कामकरी परवडू लागला. रायनोटर्मिटिडी म्हणून ओळखल्या गेलेल्या शाखांनी हा बदल मोठ्या प्रमाणावर केला. घरांच्या लाकूडकामाचं नुकसान करणाऱ्या भूमिगत वाळव्यांपैकी अनेक याच शाखांतल्या.

आणि मग ती घटना, जिच्यामुळे मी वाळवीच्या अभ्यासात अडकलो. भूमिगत वाळव्यांच्या जवळपासच्या एका शाखेने आतड्यातले फ्लॅजेलेट पूर्ण गमावले. ज्यांच्याविना क्लीव्हलँड यांची वाळवी भरल्या पोटी मेली, तेच सोबती गेले. ही शाखा नामशेष व्हायला हवी होती. उलट आजच्या वाळव्यांपैकी सुमारे ७० टक्के प्रजाती हिच्याच आहेत. हे टर्मिटिडी कुल. बुरशी पिकवणाऱ्या, माती खाणाऱ्या, सोंडेतून चीक फेकणाऱ्या वाळव्या सगळ्या इथल्या, आणि मोठी वारुळं बांधणाऱ्या बहुतेक वाळव्याही.

सोबती गमावूनही ती जगली कशी? मला सर्वांत पटणारं उत्तर असं: पचनाचा काही भाग आधी शरीराबाहेर गेला आणि मग आतले आदिजीव अनावश्यक झाले. टर्मिटिडीच्या झाडाच्या बुडाशी पाहा. तिथे एका फांदीवर दोन विलक्षण गट शेजारी-शेजारी येतात. एक मॅक्रोटर्मिटिनी, विष्ठेच्या पोळ्यावर बुरशी पिकवणारा. दुसरा स्फीरोटर्मिस, आफ्रिकेतली एकच प्रजाती, जी बुरशीऐवजी जिवाणूंचं पोळं करते. दोघीही अर्धवट पचलेलं अन्न घराच्या भिंतीआड ठेवून दुसऱ्या जिवांकडून पिकवून घेतात. म्हणजे 'बाहेरचं जठर' ही कल्पना या घराण्याच्या सुरुवातीलाच रुजली असावी. बाकीच्या शाखांनी पुढे ते जठर पुन्हा आत घेतलं, पण आदिजीवांऐवजी जिवाणूंच्या भरवशावर. हे अजून सिद्ध नाही, मांडणी आहे. पण वंशवृक्षाचा आकार तिच्या बाजूने बोलतो.

टर्मिटिडीचा काळ जनुकांवरून सुमारे ५ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा येतो, इओसीनच्या सुरुवातीचा, म्हणजे डायनासोर जाऊन कोटभर वर्षं झाल्यानंतरचा. जीवाश्म कुठे मिळाला? गुजरातमधल्या वस्तान लिग्नाइट खाणीतल्या खंभातच्या अंबरात. सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचं हे अंबर साल-गर्जन कुळातल्या उष्णकटिबंधी वृक्षांच्या राळेचं आहे. भारत तेव्हा आशियाला येऊन भिडत होता. २०११ मध्ये तिथल्या वाळव्यांचं वर्णन झालं, आणि त्यातली नॅनोटर्मिस ही टर्मिटिडीची सर्वांत जुनी नोंद ठरली. जनुकांचा अंदाज आणि खडकाचं वय इतकं जवळ आलं की समाधान वाटतं. पण हे घड्याळ जीवाश्म वापरूनच लावतात, म्हणून दोघांना एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र साक्षीदार समजू नये.

बुरशीची शेती एकदाच सुरू झाली, आफ्रिकेतल्या वर्षावनात, सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी. आज या गटात ३३०च्या आसपास प्रजाती आहेत आणि त्यांतल्या एकीनेही शेती सोडलेली नाही. बुरशीसुद्धा एकाच घराण्याची, टर्मिटोमायसिस, आणि तीही वाळवीविना रानात आढळत नाही. पावसाळ्यात वारुळातून वर येणाऱ्या लांब दांड्याच्या अळंब्या हीच. टांझानियातल्या रुक्वा खोऱ्यात २ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच्या खडकात या शेतीची पोळी अश्मीभूत झालेली मिळाली, तेव्हा जनुकांच्या अंदाजाला खडकाने दुजोरा दिला. एक बारकावा सांगतो. इतकं जुनं, न तुटणारं नातं असूनही बहुतेक प्रजातींत नवी जोडी बुरशी माहेरून नेत नाही. पहिले कामकरी बाहेरून बीजाणू गोळा करून आणतात. अपवाद थोडे आहेत. मायक्रोटर्मिसमध्ये राणी पोटातून बीजाणू नेते, मॅक्रोटर्मिस बेलिकोससमध्ये राजा. दोन वेगळ्या शाखांनी ही युक्ती स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या लिंगाकडे सोपवून शोधली.

मग माती खाणं. याबद्दल सामान्य वाचनात फार कमी येतं, आणि माझ्या मते विविधतेचा सर्वांत मोठा झरा हाच. जिवाणूंवर आलेल्या शाखांना लाकडाचं बंधन उरलं नाही. त्या जास्त कुजलेल्या लाकडाकडे, तिथून ह्यूमसकडे, म्हणजे कुजून मातीत मिसळलेल्या काळ्या भागाकडे, आणि शेवटी नुसत्या दिसायला निर्जीव मातीकडे सरकल्या. टर्मिटिडीच्या निम्म्याहून अधिक वंश मातीखाऊ आहेत. मातीत सेल्युलोज कमी, पण जिवाणूंच्या शरीरातून आलेले प्रथिनांचे अवशेष ह्यूमसमध्ये अडकलेले असतात. ते सोडवायला या वाळव्यांचं मागचं आतडं लांबलं, त्याचे कप्पे पडले, आणि एका कप्प्यात अल्कतेने टोक गाठलं. क्युबिटर्मिसमध्ये तिथला पीएच १२च्या आसपास जातो. प्राण्याच्या शरीरात नोंदलेल्या सर्वांत तीव्र अल्कतांपैकी ही एक. पहिल्यांदा ते मोजमाप वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. आतड्याचे हे कप्पे आणि त्यांच्यामधल्या झडपेवरचे काटे इतके प्रजातीगणिक वेगळे असतात की आफ्रिकेतल्या बिनसैनिकी मातीखाऊ वाळव्या ओळखायला आम्ही त्यांचं आतडंच उघडतो. बाहेरून त्या सगळ्या सारख्या दिसतात.

हा प्रवास एकेरी नाही, हे विशेष. सोंडवाल्या नासुटिटर्मिससारख्या शाखा माती खाणाऱ्या पूर्वजांकडून पुन्हा लाकडाकडे, काही गवताकडे वळल्या. फ्लॅजेलेट परत आले नाहीत. लाकूड पचवायचं काम आता जिवाणूंनी केलं. हरवलेलं हत्यार परत न मिळवता जुनं काम नव्या हत्याराने केलेलं इथे दिसतं. पुढे मायोसीनमध्ये गवताळ प्रदेश पसरले तेव्हा गवत कापून नेणाऱ्या शाखांना मोठं मैदान मिळालं.

बचावाची विविधताही याच काळातली. मुंग्या वाढल्या आणि वाळवी हे त्यांचं आवडतं भक्ष्य. नासुट सैनिकांचे जबडे खुरटले आणि डोक्याची नळी झाली, तिच्यातून चिकट, टर्पीनयुक्त द्रव सुटतो. टर्मिस पनामेन्सिस सैनिकाचा जबडा चुटकीसारखा सुटतो, सेकंदाला ५० मीटरांहून अधिक वेगाने. काही मातीखाऊ शाखांनी सैनिक काढूनच टाकले आणि कामकऱ्यांनी स्वतःचं पोट फोडून शत्रूला चिकटवण्याची रीत घेतली. फ्रेंच गयानातल्या निओकॅप्रिटर्मिस ताराकुआमध्ये म्हाताऱ्या कामकऱ्यांच्या पाठीवर तांबं असलेल्या प्रथिनाचे निळे स्फटिक साठतात. जबडे झिजून काम होईनासं झालं की तेच कामकरी पुढे होतात, फुटतात, आणि स्फटिक लाळेत मिसळून विष तयार होतं.

वारुळाबद्दल थोडक्यात, कारण गैरसमज एवढाच की वारूळ हा एक शोध आहे. तो अनेकदा, वेगवेगळ्या शाखांत लागलेला आहे आणि काहींनी सोडूनही दिलेला आहे. ऑस्ट्रेलियातली अमिटर्मिस मेरिडिओनॅलिस उत्तर-दक्षिण रोखाची पातळ भिंत उभारते आणि आफ्रिकेतली मॅक्रोटर्मिस शिखरं उभारते, पण या दोन वेगळ्या कथा आहेत.

उष्ण प्रदेशांतच ही सगळी रेलचेल का, असाही प्रश्न मनात येईल. २०२२ च्या एका जागतिक प्रयोगात अनेक देशांत एकाच प्रकारचे लाकडाचे ठोकळे ठेवले होते. तापमान १० अंशांनी वाढलं की वाळवीकडून होणारं लाकडाचं विघटन जवळपास सातपट वाढत होतं, सूक्ष्मजीवांकडून होणारं साधारण दुप्पट. हे आजचे आकडे आहेत. इओसीनच्या गरम जगात टर्मिटिडीला सुरुवात झाली, यामागे हेही असावं असं मला वाटतं.

शेवटचा भाग, ऑस्ट्रेलियाची वाळवी. ती मॅस्टोटर्मिस डार्विनिएन्सिस, आपल्या कुलातली एकटीच उरलेली. मागच्या पंखाचा झुरळासारखा पसरट कोपरा, झुरळासारखी पेटीत रांगेने घातलेली अंडी, आणि शरीरातल्या खास पेशींत राहणारा ब्लाटाबॅक्टेरियम हा झुरळांचा जुना जिवाणू, ही सगळी लक्षणं वाळव्यांत आज तिच्यातच आहेत. बाकी सर्व वाळव्यांनी तो जिवाणू गमावला. त्यामुळे तिला आदिम म्हणायचा मोह होतो. पण बाकीच्या वाळव्यांपासून ती सर्वांत आधी वेगळी झाली, एवढाच याचा अर्थ. वेगळी झाल्यापासून तिलाही तेवढाच काळ मिळाला आणि तीही बदलत राहिली. तिच्या वसाहतीत खरा कामकरी वर्ग आहे, ती जमिनीतून दूरवर अन्न शोधते, मोठ्या वसाहती करते, आणि झाडं, खांब, पिकं यांचं भारी नुकसान करते. तिच्या आतड्यातला मिक्सोट्रिका हा आदिजीव तर स्वतःच्या कशाभिकांनी, म्हणजे चाबकासारख्या केसांनी, पोहतच नाही, अंगाला चिकटलेल्या हजारो सर्पिल जिवाणूंच्या वळवळीने पुढे सरकतो. हे जुनाट नाही, अत्यंत घडवलेलं आहे.

तिचं घराणंही नेहमीच इतकं लहान नव्हतं. मॅस्टोटर्मिसचे जीवाश्म युरोपात मिळतात, मेक्सिकोत मिळतात, आणि डॉमिनिकन अंबरातली मॅस्टोटर्मिस इलेक्ट्रोडॉमिनिकस तर जेमतेम दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा टर्मिटिडी जगभर पसरलेल्या होत्या. म्हणजे जुनी शाखा आणि नवी शाखा बराच काळ शेजारी-शेजारी जगत होत्या. म्हणून तिला पूर्वज म्हणू नका. एकेकाळी अनेक खंडांवर असलेल्या शाखेची ती आज उत्तर ऑस्ट्रेलियात उरलेली एकमेव प्रजाती आहे, आणि तिथे ती अजून जोमात आहे.